संत्र्याचे खड्डे, शेततळं आणि संरक्षित शिळावर्तुळं: नागपूर जिल्ह्यातलं एक प्रकरण

गावाचं नाव, गट नंबर, माणसांची नावं काहीच देत नाहीये. शेतकरी अजून तिथेच शेती करतात, आणि अशा जागेचा पत्ता मोबाईलवर फिरला की काय होतं ते खाली येईलच. बाकी प्रकरण जसं घडलं तसं मांडतोय, कारण विदर्भात असे गट बरेच आहेत आणि पुढेमागे कोणाच्या तरी शेतात हेच होणार.

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यात बरडावर, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीवर फिरलात तर मोठे गोटे गोल लावलेले दिसतात, मधली जमीन जराशी फुगलेली, हात-दोन हात उंच, वर गवत आणि बोरी-बाभळी. रस्त्यावरून बघणाऱ्याला तो साधा खडकाळ माळ वाटतो. पण ही लोहयुगातली दफनं आहेत, ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या काळातली. व्यास कुठे सात-आठ मीटर, कुठे वीसच्या वर. काटोल रोडला जुनापाणीजवळ अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, त्यांच्यावर रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच लिहून ठेवलंय, आणि १९६१-६२ ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी त्यातली तीन खोदली. नंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे शां. भा. देव आणि मंडळींनी, म्हणजे नागपूर विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेजवाल्यांनी मोठं काम केलं. माहुरझरीला माणसासोबत घोडे पुरलेले मिळाले, तांब्याच्या दागिन्यांसकट. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

आत काय असतं हे आधीच सांगतो कारण पुढे सगळी भानगड त्यावरूनच झाली. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, काळ्या-तांबड्या रंगाची मातीची भांडी, लाल अकीकाचे मणी, हाडांचे तुकडे. आणि काळी चिकण माती, जी बाहेरून आणून वर्तुळात भरलेली असते. आजूबाजूला पिवळट मुरूम आणि वर्तुळाच्या आत काळी माती, हा फरक कडा कापली गेली की साध्या डोळ्यांनाही कळतो. सोनं निघालंच तर अगदी थोडं, पातळ पत्र्याचं. हंडे वगैरे नाहीत.

आपल्या प्रकरणातला गट साडेसात एकराचा. वरचा भाग बरड, त्यात अकरा वर्तुळं, पैकी चार चांगली शाबूत, बाकीची अर्धवट, कारण गेल्या पिढीत बांधाला, विहिरीला, घराच्या पायाला गोटे गेलेत. खालचा भाग नाल्याकडे उतरतो, तिथे जमीन बरी. जागा केंद्र सरकारच्या यादीत संरक्षित, मालकी मात्र खाजगी, हे कायद्याने चालतं. रस्त्याच्या कडेला पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड. सातबारा बघितला तर इतर हक्काच्या रकान्यात याबद्दल एक ओळ नाही. शेतकऱ्याच्या वडिलांनी जमीन घेतली तेव्हा बोर्ड होता का, हे गावात कोणालाच नीट आठवत नाही. जुनी माणसं त्याला गवळ्यांचे वाडे म्हणतात, त्यापलीकडे विषय नाही.

नेमकं काय झालं

शेतकऱ्याला संत्र्याची बाग लावायची होती आणि बागेला पाणी म्हणून शेततळं. तळ्याचा खर्च कसा वाचवायचा तर नेहमीची पद्धत, जेसीबीवाला फुकट खोदून देतो आणि निघालेला मुरूम रस्त्याच्या कामाला घेऊन जातो. शेतकऱ्याला तळं, ठेकेदाराला मुरूम, रॉयल्टीचं काय ते त्याचं तो बघेल असं तोंडी बोलणं झालं. हे गावोगावी चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. या सौद्यात एक भर होती, माळावरचे मोकळे गोटे पिचिंगला, म्हणजे उतारावर दगड बसवायला लागतात म्हणून तेही उचलायचे. आता मोकळा गोटा कोणता आणि वर्तुळातला कोणता, हे ड्रायव्हरला कोण सांगणार?

एप्रिलच्या शेवटी मशीन आलं. तळ्याची जागा आखली होती, आणि वरच्या भागात संत्र्याच्या खड्ड्यांसाठी फक्कीने खुणा मारलेल्या, सहा बाय सहा मीटरवर. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने मशीन वर न्यायला वाट करायची म्हणून कडेच्या एका वर्तुळातले दोन गोटे ढकलून बाजूला केले आणि बकेटचा एक घास वर्तुळाच्या कडेतून गेला. गुराख्याने बघितलं, त्याने पुरातत्त्व खात्याच्या चौकीदाराला फोन केला, चौकीदाराने ऑफिसला. दुपारपर्यंत काम बंद.

शेतकऱ्याचं त्या दिवशीचं वाक्य मला अजून बिनतोड वाटतं: "गोटे सरकारचे अन् सातबारा माह्या नावावर, मंग मले सांगा भाऊ, मी नेमकं काय करू शकतो?" काय करता येत नाही हे सांगायला चार माणसं आली होती. काय करता येतं हे एकालाही माहीत नव्हतं.

त्यात संध्याकाळी नवीन लफडं. गावातल्याच एका पोराने, चांगल्या हेतूने, कापलेल्या कडेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, काळी माती आणि त्यात अडकलेलं खापराचं तोंड स्पष्ट दिसत होतं, आणि खाली लिहिलं की आपल्या गावाचा तीन हजार वर्षांचा वारसा वाचवा. दोन दिवसांत तोच फोटो तालुक्यात फिरला तो "अमुक गावाच्या माळावर हंडा सापडला" अशा नावाने. त्या आठवड्यात रात्री कोणीतरी येऊन शेजारच्या शाबूत वर्तुळाच्या मधोमध खड्डा घेतला. जेसीबीने कड खाल्ली होती, या लोकांनी पोटात हात घातला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मते जास्त नुकसान याचंच झालं. काळ्या मातीतून उपसलेली खापरं तशीच बाहेर फेकलेली, ती कोणत्या थरातली, कशाच्या शेजारची, हे आता कोणी सांगू शकत नाही.

पर्याय काय होते

आम्ही तालुक्यातले चार-पाच हौशी लोक, एक निवृत्त सर्व्हेअर, आणि शेतकऱ्याचा मुलगा असे बसलो. चौकीदारही होता. पहिला प्रश्न पोलीस केसचा. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात संरक्षित स्मारकाची मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. काही जणांचं म्हणणं होतं की एकदा केस झाली की पुन्हा गावात कोणी हात लावणार नाही. माझं मत उलटं होतं. शेतकऱ्यावर केस झाली तर तो दुसऱ्या दिवसापासून त्या गोट्यांचा वैरी होतो, आणि रात्री कोण खोदतंय हे बघायला जवळपास राहणारा माणूस तोच एक आहे. ठेकेदाराची गोष्ट वेगळी, त्याचा धंदाच तो आहे. अर्थात केस करायची की नाही हे ठरवणारे आम्ही नव्हतो, ते खात्याचं काम, पण चौकीदाराच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं जातं, मालकाने स्वतःहून काम थांबवलं हे त्यात येतं की नाही, याने बराच फरक पडतो.

दुसरा पर्याय, भरपाई मागायची. कायद्यात कलम २७ आहे, या कायद्याखालचे अधिकार वापरल्यामुळे जमिनीच्या उत्पन्नात घट आली तर मालकाला भरपाई, असं त्याचं सार. कागदावर चांगलं आहे. पण जी बाग लावलीच नाही तिचं उत्पन्न बुडालं हे दाखवायचं कसं? आणि तोवर हंगाम जाणार. शेतकऱ्यानेच तो विचार सोडला.

तिसरा, सगळाच बेत रद्द करून वरचा भाग पडीत ठेवायचा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कच्चा पर्याय, कारण पडीत जमिनीवर पुढच्या उन्हाळ्यात दुसरा मुरूमवाला येतोच.

चौथा, कायदा नीट वाचून जे बसतं तेवढं करायचं. इथे निवृत्त सर्व्हेअरचा उपयोग झाला, कारण त्याने पहिल्यांदा विचारलं की हद्द कुठून मोजताय? तोपर्यंत सगळे, शेतकरी, ठेकेदार, सरपंच, बंदीचे शंभर मीटर मोजत होते ते निळ्या बोर्डापासून! बोर्ड रस्त्याच्या कडेला लावलाय कारण तिथे तो दिसतो. शंभर मीटर मोजायचे असतात संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. त्या शंभर मीटरमध्ये बांधकाम बंद, त्याच्या पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घेऊन. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने हे पट्टे ठरले तेव्हा त्यात बांधकामासोबत खाणकामही धरलं होतं, आणि खाणकाम म्हणजे फक्त सुरुंग नाही, खोदून माल काढणं पण त्यात येतं. २०१० च्या दुरुस्तीने बांधकामाचा भाग अजून कडक झाला. बोर्डापासून मोजलं तर तळं दीडशे मीटरच्या पुढे होतं आणि म्हणून शेतकरी निर्धास्त होता. हद्दीपासून मोजलं तर ते सत्तरवर आलं. म्हणजे सरळ बंदीच्या पट्ट्यात.

सरपंचांनी एक मुद्दा काढला की पाण्याच्या कामाला सूट असते. आहे, पण ती सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या कामाला. खाजगी शेततळं त्यात बसवायचा प्रयत्न केला असता तर अर्ज फिरत राहिला असता, आणि मुरूम विकायचा सौदा त्यात होताच.

आणि मग एक फुटाची गोष्ट. कायद्याच्या कलम १९ मध्ये संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाण, खोदकाम यावर बंधन आहे, मालकावरसुद्धा. पण त्यातच पुढे शेतीला सूट आहे, एक फुटापेक्षा जास्त खोल खणावं लागणार नसेल तर त्या क्षेत्रात पीक घ्यायला मनाई नाही. हे शेतकऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो काही क्षण नुसता बघत राहिला आणि मग म्हणाला, "एवढं बोर्डावर लिवलं असतं तं काय बिघडलं असतं?"

एक फूट म्हणजे शेतीच्या हिशोबात नेमकं काय, हे मात्र बसून काढावं लागलं. वखर तीन-चार इंच जातो, कल्टीवेटर त्याहून थोडा जास्त, पलटी नांगर जोर लावला तर फुटाजवळ पोचतो आणि बरडात गोट्याला अडकला की सगळं उलथून काढतो. संत्र्याचा खड्डा अडीच फूट. म्हणजे वरच्या भागात बाग बसतच नाही. ठिबकची मेन लाईन पुरायला दीड-दोन फूट चर लागतो, हे आधी कोणाच्या डोक्यातच नव्हतं, शेतकऱ्याच्या मुलाने काढलं. नळ्या जमिनीवर पसरल्या तर चालतात, मेन लाईन तिथून न्यायची नाही.

काय केलं

सगळ्यात आधी दोन हललेल्या गोट्यांचा प्रश्न, कारण तो रोज डोळ्यासमोर होता. गावातल्या पोरांना वाटत होतं की ट्रॅक्टरला साखळी लावून जागेवर ठेवून देऊ, दहा मिनिटांचं काम. चौकीदार नको म्हणत होता आणि त्याचंच बरोबर होतं. दोनपैकी एका गोट्यावर ओळीने वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले होते, असे खळगे जुनापाणीच्या गोट्यांवरही आहेत आणि ते कोणत्या दिशेला तोंड करून आहेत यावर अभ्यासकांनी विचार केलेला आहे. मशीनने गोटा उलटला तेव्हा ती बाजू खाली गेली. मूळची बाजू कोणती, किती अंशात होती, हे अंदाजाने ठरवून ठेवला असता तर पुढच्या माणसाला ते खरंच वाटलं असतं. हललेला गोटा हललेला दिसतो हे बरं, चुकीचा बसवलेला गोटा खोटं बोलतो. म्हणून तसेच ठेवले. मूळ जागी मातीत ठसा राहिला होता त्याचे फोटो, बाजूला पट्टी ठेवून, उत्तर दिशा दाखवून, आणि पाऊस यायच्या आत. कापलेल्या कडेवर पोती टाकून वरून माती लोटली, तेही खात्याच्या माणसाला विचारून.

मग मोजणी. शेतकऱ्याने भूमी अभिलेखला तातडीची फी भरून अर्ज केला, आणि मोजणीच्या दिवशी खात्याचा माणूस आपला जुना नकाशा घेऊन हजर राहील असं लेखी मागून घेतलं. ही जोडणी महत्त्वाची होती. भूमी अभिलेखचा नकाशा गटाची हद्द दाखवतो, खात्याचा नकाशा संरक्षित क्षेत्राची, आणि दोन्ही एकत्र जमिनीवर कधी उतरलेच नव्हते. हाती आलेल्या मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर सर्व्हेअरने संरक्षित भाग, शंभर मीटर आणि पुढचे दोनशे मीटर अशा तीन रेषा टाकून दिल्या. या रेषा सरकारी नाहीत, पण ही प्रत शेतकऱ्याच्या घरात भिंतीला लावलेली आहे आणि आता जेसीबीवाला आला की आधी ती दाखवली जाते.

तळं नाल्याकडे, तिसऱ्या रेषेच्या पलीकडे हलवलं. तिथे मुरूम कमी म्हणून ठेकेदाराने फुकट खोदायला नाही म्हटलं, पैसे द्यावे लागले. बाग खालच्या भागात, ठरवली होती त्याच्या निम्मी. शंभर मीटरच्या पट्ट्यातली काही झाडं होती त्याबद्दल लेखी विचारलं होतं, उत्तर यायला वेळ लागला, पण आलं ते स्पष्ट होतं: संरक्षित हद्दीच्या आत खड्डे नकोत, बाहेर लागवडीला हरकत नाही, पण पंपघरासारखं नवीन पक्कं काही बांधायचं नाही. जुनी पंपाची खोली होती तिची दुरुस्ती करायची असेल तर रीतसर परवानगी.

वरच्या भागात वर्तुळं सोडून मधल्या मोकळ्या पट्ट्यांत तूर, फक्त वखरून. वर्तुळांच्या आत काहीच नाही, गवत कापून नेतात.

आणि रात्रीच्या खोदण्याचं. याबाबतीत पोलीस पाटलांमार्फत तक्रार दिली, अज्ञात लोकांवर. सोबत गावात एक बैठक घेतली, त्यात वारसा वगैरे भाषण कमी केलं आणि बाहेर पडलेली खापरं टेबलावर ठेवली, की बघा, हे असतं आत. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा, हेही सांगितलं. पण खरा परिणाम त्या खापरांचा झाला. हंडा शोधायला आलेला माणूस फुटक्या मडक्यासाठी पुन्हा रात्र जागवत नाही.

निकाल

एक वर्तुळ कडेला खराब, एक मधोमध खणलेलं, ते परत येत नाही. बाकीची नऊ जशी होती तशी. शेतकऱ्याला नोटीस आली, त्याने जबाब दिला, काम स्वतः थांबवल्याचं आणि मोजणी करून घेतल्याचं कागदासकट दाखवलं, पुढे कारवाई झाली नाही. ठेकेदाराकडे महसूलवाल्यांनी मुरमाचा हिशोब मागितला, त्याचं पुढे काय झालं ते मला सांगता येत नाही.

आर्थिक बाजूने शेतकरी तोट्यातच आहे. तळ्याला खर्च झाला, निम्मी बाग गेली, वरच्या तुरीचं बरडात येऊन येऊन किती येणार. तो तसं बोलूनही दाखवतो, आणि कोणी शहरातून येऊन त्याला तुमचं केवढं भाग्य म्हटलं की चिडतो. पण रात्री माळावर बॅटरी दिसली की काठी घेऊन जाणाराही तोच.

काय वेगळं करता आलं असतं

फोटोचं सगळ्यात आधी. कापलेली कड, खापर, हाड यांचा फोटो ग्रुपवर जायलाच नको होता. चौकीदाराला, खात्याला, आणि गरज पडली तर तहसीलला पाठवायचा, बस. लोकांना जागं करायचं असेल तर जुनापाणीचा फोटो टाका, तिथे माहिती आधीच जगजाहीर आहे. आपल्या माळावरचा ताजा खड्डा दाखवणं म्हणजे चोराला वाट दाखवणं.

मोजणी आधी झाली असती तर मशीन वर चढलंच नसतं. शेततळ्याचा अर्ज, बागेचा अर्ज, दोन्ही कृषी खात्याकडे जातात, तिथे गट नंबर असतो, आणि संरक्षित जागांची यादीही सरकारकडेच असते. दोन याद्या एकमेकींसमोर ठेवायला कोणी नाही, म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागतं. ज्यांच्या गटात असे गोटे आहेत त्यांनी मशीन बोलवायच्या आधी एक अर्ज टाकून हद्द विचारून घ्या, उत्तर येईपर्यंत वखर चालवा.

केसबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत. एक जण अजूनही म्हणतो की ठेकेदारावर पहिल्याच दिवशी गुन्हा दाखल व्हायला हवा होता, तो पुढच्या गावात तेच करतोय. त्याच्या म्हणण्यात दम आहे. मालकाला सोबत घ्यायचं आणि ठेकेदारालाही सोडायचं नाही, हे दोन्ही एकदम करता आलं असतं, पण त्या दिवशी सगळे शेतकऱ्याभोवतीच उभे होते आणि मशीन दुपारीच निघून गेलं.

कायद्यातल्या कलम ६ प्रमाणे मालकासोबत देखभालीचा करार होऊ शकतो, तो विषय आता काढलाय. त्यापेक्षा घाईचं काम सातबाऱ्याचं आहे. इतर हक्कात संरक्षित क्षेत्राची नोंद घ्यावी म्हणून तलाठ्याकडे अर्ज दिलाय, तो अजून वर गेलेला नाही. आणि शेतकऱ्याच्या घरी यंदा भावा-भावांची वाटणी व्हायची आहे. बरडाचा तुकडा पुण्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याकडे जाणार असं दिसतंय. त्याने तो माळ नीट बघितलेलाही नाही, आणि जमीन रस्त्याला लागून म्हणून प्लॉटवाल्यांचे फोन त्याला आत्ताच येतायत.